घरातील पाणीगळती आणि बिनतारी सूचक : बसवणूक व निगा



चाळीत राहणाऱ्या माणसाला पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे डोळ्यांसमोर दिसत असे. नळ सामाईक, संडास सामाईक, पाइप भिंतीवरून उघडे गेलेले. एखादा पाइप फुटला तर पाच मिनिटांत अर्ध्या चाळीला कळे व कोणी तरी चिंधी बांधून यायचाच. आता आपल्यापैकी अनेक कुटुंबे सदनिकांत राहावयास गेली आहेत आणि जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही आनंदाची गोष्ट होय. मात्र या नव्या घरात पाण्याची सगळी वाट भिंतीच्या आत आणि लादीच्या खाली गेलेली असते. संडास, न्हाणीघर, गिझर, वॉशिंग मशीन, पाणी शुद्ध करणारे यंत्र अशी पाण्याची पाच-सहा ठिकाणे एकाच घरात आली. येथे गळती सुरू झाली की घरच्या माणसाला ती सर्वांत शेवटी कळते. सर्वांत आधी कळते ती खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याला, त्याच्या छताला ओल येऊन पोपडे सुटू लागले म्हणजे.

यातून जे वाद होतात ते आपण सर्व जाणतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याविषयी स्पष्ट तरतूद आहे. पावसाच्या पाण्यामुळे, तसेच बाहेरील सामाईक पाइप व सांडपाण्याच्या पाइपमुळे होणाऱ्या गळतीचा खर्च संस्थेने करावयाचा. घरातील संडास, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या त्या सदनिकाधारकाने करावयाचा. म्हणजे आपल्या सिंकखालचा पाइप गळला तर बिल आपलेच. त्यात वरचे-खालचे बोलणे बंद होते ते वेगळे. ही गळती पहिल्याच दिवशी, शक्यतो पहिल्याच तासात कळावी, याकरिता हल्ली बिनतारी गळती-सूचक नावाचे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते कसे चालते, कोठे ठेवावे आणि त्याची निगा कशी राखावी याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे यंत्र वर्षानुवर्षे गप्प बसून राहते. ते गप्प असण्याची दोन कारणे असू शकतात : लादी कोरडी आहे, किंवा यंत्र बंद पडले आहे. या दोहोंतील फरक नुसते बघून कळत नाही. म्हणून यंत्र विकत घेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. खरे काम त्याची जागा ठरवण्यात आणि दर महिन्याला त्याला बोलते करून पाहण्यात आहे.

गळतीचा हिशेब

विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. पाण्याचे साधारण २० थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८६,४०० थेंब, म्हणजे ४.३२ लिटर पाणी जाते. वर्षाला सुमारे १,५७७ लिटर. ही झाली नजरेत न भरणारी गळती. ती मुरते, प्लायवूड फुगवते, लोखंडी सळई गंजवते.

दुसरा प्रकार आपल्या शहरांत फार घडतो व त्याचे कारण अवेळी येणारे पाणी हे आहे. मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच येते. घाईत कोणी नळ फिरवून पाहतो, पाणी नसते, नळ तसाच उघडा राहतो आणि घरची मंडळी गावी निघून जातात. पहाटे पाणी येते. सिंकच्या जाळीवर भांडे किंवा फडके पडलेले असले की पाणी ओट्यावरून खाली. मिनिटाला १० लिटर धरले तर दीड तासात ९०० लिटर पाणी घरात येते. एक लिटर पाणी एक चौरस मीटर जागेवर पसरले तर त्याची उंची एक मिलिमीटर होते. त्या हिशेबाने २५ चौरस मीटरच्या घरात ९०० लिटर म्हणजे ३६ मिलिमीटर पाणी, जर ते कोठे वाहून गेले नाही तर. ते वाहून जातेच, आणि दाराखालून जिन्यात किंवा लिफ्टच्या खड्ड्यात जाते.

यंत्र ओळखते काय?

यंत्राच्या तळाशी धातूची दोन, काही नमुन्यांत तीन-चार, लहान टोके असतात. त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते. या जागेत पाणी आले की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अत्यल्प विद्युतप्रवाह वाहतो. आतील इलेक्ट्रॉनिक चकती तो प्रवाह ओळखते, भोंगा वाजवते आणि बिनतारी संदेश पाठवते. बस्स, इतकेच. पाइप फुटला आहे, नळ उघडा आहे की बाळाने तांब्या सांडला आहे, हे यंत्राला कळत नाही. भिंतीच्या आत चाललेली गळतीही त्याला कळत नाही. पाणी त्याच्या पायाशी आले पाहिजे.

येथे शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवावी. शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक आहे. अतिशुद्ध पाण्याची विद्युतवाहकता २५ अंश सेल्सिअसला दर सेंटिमीटरला केवळ ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्याने त्याची वाहकता साधारणपणे शंभर ते हजार मायक्रोसीमेन्सच्या दरम्यान भरते, बोअरवेलच्या पाण्याची त्याहूनही अधिक असू शकते. वीज वाहून नेतात ते हे क्षारांचे आयन. त्यामुळे नळाच्या पाण्याला यंत्र तत्काळ दाद देते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र हवेतील वाफेचे बनलेले असल्याने जवळजवळ क्षारविरहित असते. ते थेट टोकांवर पडले तर एखादे कमी संवेदनशील यंत्र उशिरा जागे होईल; लादीवरून वाहत आले तर वाटेतील धुळीचे क्षार घेऊन येते व काम होते.

विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांना हेच यंत्र, बिनतारी भाग सोडून, फार थोड्या खर्चात घरी करता येते. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, कमी प्रवाहावर चालणारा पिझो बझर, १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि तांब्याच्या दोन उघड्या तारा इतके साहित्य पुरे. पहिली तार बॅटरीच्या धन टोकाला जोडावी. दुसरी तार रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडावी. एमिटर ऋण टोकाला, आणि बझर धन टोक व कलेक्टर यांच्यामध्ये. दोन्ही तारा पाण्यात बुडवल्या की बझर वाजतो. समजा तारांमधील पाण्याचा रोध १०० किलोओहम आहे. एकूण रोध ११० किलोओहम झाला. ९ व्होल्टमधून बेस-एमिटरचे ०.७ वजा केल्यास ८.३ व्होल्ट उरतात. प्रवाह येतो सुमारे ७५ मायक्रोअँपिअर. ट्रान्झिस्टरने तो २०० पट केला तर कलेक्टरमध्ये १५ मिलिअँपिअर मिळतात आणि लहान बझरला ते पुरेसे आहेत. तारा आधी गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवाव्यात, मग त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकावे. आवाजातील फरक ऐकणाऱ्याला वाहकतेचा धडा पुन्हा वाचावा लागत नाही. तारा बराच वेळ पाण्यात ठेवल्या तर त्यांतील एक काळी-हिरवी पडून झिजू लागते, हेही विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहावे. एकाच दिशेने सतत प्रवाह गेल्यास असे विद्युतविघटन होते. म्हणूनच चांगल्या यंत्रांत टोकांना गंजरोधक मुलामा दिलेला असतो आणि प्रवाह सतत न सोडता क्षणभर सोडून तपासणी केली जाते.

बिनतारी म्हणजे कसे?

बाजारातील यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात केवळ भोंगा असतो, बिनतारी काहीच नसते. घरात सदैव कोणी असेल तर या स्वस्त यंत्राने भागते, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे यंत्र घरातील वायफायशी थेट जोडले जाते. तिसऱ्या प्रकारात छोटे सूचक आपला संदेश घरातच असलेल्या एका मध्यवर्ती पेटीला देतात, त्या पेटीला हब किंवा गेटवे म्हणतात, आणि ती पेटी इंटरनेटवरून आपल्या मोबाइलला कळवते. झिगबी हे या तिसऱ्या प्रकारात नेहमी आढळणारे नाव.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारातील खरा फरक सेलच्या आयुष्यात आहे. वायफायवर संदेश पाठवताना यंत्र काही क्षण शेकडो मिलिअँपिअर प्रवाह ओढू शकते. घड्याळात असतो तसा चपटा बटन सेल इतका भार सोसत नाही; म्हणून वायफाय यंत्रांत सहसा मोठे सेल असतात. गेटवेशी बोलणारे यंत्र फार थोडी वीज खाते. सीआर २०३२ या बटन सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. यंत्राचा सरासरी वापर १० मायक्रोअँपिअर धरला तर २२,००० तास, म्हणजे अडीच वर्षे सेल पुरतो. हा कागदावरचा हिशेब झाला. स्वयंपाकघरातील उष्णता, वारंवार वाजलेला भोंगा आणि गेटवे दूर असल्याने पुन्हा पुन्हा पाठवावे लागणारे संदेश यांनी तो कमी होतो.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून असे यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तेथील काही यंत्रे ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. आपल्याकडे तो पट्टा या कामासाठी परवानामुक्त नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालापासून अल्पशक्ती उपकरणांसाठी खुला आहे, तसेच २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही खुला आहे. वायफाय आणि झिगबी या २.४ च्या पट्ट्यातच काम करतात. म्हणून येथे विक्रीसाठी असलेले यंत्र येथेच घ्यावे. आणखी एक अट मी कटाक्षाने सांगेन : सूचकाला स्वतःचा भोंगा असलाच पाहिजे. केवळ मोबाइलवर कळवणारे यंत्र वीज गेली, राउटर बंद पडला, इंटरनेटचे पैसे भरावयाचे राहिले किंवा कंपनीने आपली सेवाच गुंडाळली की मुके होते. भोंगा या कशावरही अवलंबून नसतो.

जागा ठरवणे

यंत्र आणल्यावर लगेच चिकटवू नये. आधी पेलाभर पाणी घ्यावे आणि ज्या ठिकाणी गळतीची भीती आहे तेथे लादीवर हळूहळू ओतावे. पाणी कोणत्या बाजूला धावते ते पाहावे. लादी सपाट दिसली तरी तिला उतार असतो, आणि पुष्कळदा तो आपल्या समजुतीच्या उलट असतो. जेथे पाणी जाऊन थांबते ती सूचकाची जागा. या दोन मिनिटांच्या प्रयोगाअभावी यंत्र कोरड्या उंचवट्यावर बसून राहते आणि पाणी त्याच्या चार बोटे अंतरावरून निघून जाते.

स्वयंपाकघरात सिंकखालचे कपाट ही पहिली जागा. तेथे अँगल कॉक, कनेक्शन पाइप, सिंकचा बॉटल ट्रॅप आणि बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची बारीक नळी अशी सगळी मंडळी एकत्र असतात. या बारीक नळ्या केवळ दाबून बसवलेल्या असतात. सर्व्हिसिंगसाठी माणूस येऊन गेला की त्यापुढचे दोन दिवस विशेष लक्ष ठेवावे. कपाटाला प्लायवूडचा तळ असेल तर सूचक तळावर ठेवावा. तळ नसेल तर लादीवर.

वॉशिंग मशीनपाशी दोन धोके आहेत. आत येणारी नळी सतत दाबाखाली असते व जुनी झाली की फुगून फाटते. बाहेर जाणारी नळी मशीन हादरताना नहाणी ट्रॅपमधून निसटते व सगळे पाणी लादीवर येते. सूचक मशीनच्या मागे खोलवर सारू नये, कारण पुढे त्याला कोणी हात लावत नाही. मशीनच्या कडेला, पण पाण्याच्या वाटेत ठेवावा. लांब दोरीसारखा सूचक मिळाल्यास तो भिंतीच्या कडेने पसरता येतो आणि अशा अडचणीच्या जागी उत्तम.

न्हाणीघराच्या आत सूचक ठेवण्यात अर्थ नाही. तेथे रोजच पाणी असते. तो उंबरठ्याच्या बाहेर, कोरड्या बाजूला ठेवावा. ट्रॅप तुंबून पाणी उंबरठा ओलांडू लागले की तो बोलेल. गिझरविषयी थोडे समजून घ्यावे लागते. १५ लिटरच्या गिझरमधील पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर तापले की सुमारे २०० मिलिलिटरने प्रसरण पावते. पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवलेला असल्यास हे जादा पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडते. ते गळतीचे लक्षण नाही, व्हॉल्व्ह आपले काम करीत असल्याचे लक्षण आहे. गिझर थंड असतानाही ठिबक चालू राहिली तर मात्र प्लंबरला बोलवावे. गिझर पोटमाळ्यावर किंवा कोरड्या जागी बसवला असेल तर त्या थेंबांना नळी लावून मोरीत सोडावे आणि सूचक त्यांपासून दूर, टाकीच्या खाली ठेवावा.

गच्चीवरील टाकी भरून वाहते त्यासाठी हे यंत्र नव्हे. तेथे तरंगत्या गोळ्याचा स्विच लावावा. उन्हापावसात घरगुती सूचक टिकत नाही.

बसवणूक

यंत्रात सेल घालताना त्याची प्लास्टिकची पट्टी ओढून काढावी. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की, ती पट्टी तशीच राहिलेली यंत्रे घरोघर आढळतात. मग गेटवे अथवा मोबाइलवरील अ‍ॅप चालू करून सूचकाचे बटण माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे दाबून धरावे; दिवा लुकलुकू लागला की जोडणी सुरू झाली. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील तर बहुतेक सूचकांना २.४ चाच लागतो. जोडणी होत नसल्यास आधी तेच तपासावे. प्रत्येक सूचकाला स्वच्छ मराठीत नाव द्यावे : ‘सिंकखाली’, ‘मशीनपाशी’, ‘मोठ्या न्हाणीबाहेर’. रात्री तीन वाजता ‘सूचक क्रमांक २’ असे वाचून कोणालाही काही उमजत नाही.

जोडणी टेबलावर झाली म्हणजे काम झाले असे नाही. रेडिओ लहरींना सळईच्या काँक्रीटच्या भिंती आणि धातूचे पत्रे अडवतात. स्टीलच्या ट्रॉलीत किंवा मशीनच्या पत्र्याला टेकून ठेवलेला सूचक टेबलावर उत्तम बोलेल आणि जागेवर गप्प बसेल. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, तर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची साडेबारा सेंटिमीटर असते. लांब लहरी भिंतींमधून सामान्यतः अधिक चांगल्या पार होतात. म्हणून सूचक त्याच्या कायमच्या जागी ठेवून, कपाटाचे दार लावून, ओल्या फडक्याने त्याची दोन्ही टोके जोडावीत. घरातील दुसऱ्या माणसाने मोबाइल घेऊन इमारतीबाहेर जावे व वायफाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवर संदेश येतो का ते पाहावे. न आल्यास गेटवेची जागा बदलावी. भोंगाही झोपण्याच्या खोलीतून, दार लावून ऐकावा. घरात कमी ऐकू येणारी वडीलधारी मंडळी असतील तर केवळ भोंग्यावर विसंबू नये. शेजारच्या मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलवरही संदेश जाईल अशी व्यवस्था करावी.

मोबाइलचीही परीक्षा घ्यावी लागते. अनेक मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी न वापरलेली अ‍ॅप आपणहून झोपवतात आणि रात्री सूचनांचा आवाज बंद ठेवतात. गळती-सूचकाच्या अ‍ॅपला या दोन्हींतून सूट द्यावी. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर व गेटवे त्यावर घ्यावेत.

भोंगा वाजला तर

यंत्र पाणी थांबवत नाही. ते माणसाला हाक मारते. हाक ऐकून काय करावयाचे हे घरातील प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालाही, आधी दाखवून ठेवले पाहिजे. लादीवर विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड किंवा फ्रिजची वायर पाण्यात असेल तर पाण्यात पाय न घालता प्रथम घराचा मुख्य विजेचा स्विच बंद करावा. मुख्य स्विचपर्यंत जाण्याची वाटच पाण्यातून असेल तर बाहेरच राहून मीटरच्या ठिकाणाहून वीज बंद करवून घ्यावी. त्यानंतर पाण्याचा कॉक.

येथे आपल्या इमारतींची एक अडचण आहे. परदेशातील चित्रांत घराला एकच मुख्य कॉक असतो आणि तो बंद केला की सर्व पाणी थांबते. आपल्याकडे स्वयंपाकघराची लाइन वेगळी, न्हाणीची वेगळी, संडासाची वेगळी, आणि प्रत्येकीचा कॉक वेगळ्या ठिकाणी, काही वेळा डक्टमध्ये हात घालावा लागेल असा. गळती समजताच आपोआप बंद होणारे विजेवरील व्हॉल्व्हही मिळतात, परंतु तीन लाइन असतील तर तीन व्हॉल्व्ह लागतील. बहुतेक घरांनी त्या खर्चात पडू नये असे वाटते. त्याऐवजी सर्व कॉक एकदा शोधून काढावेत, प्रत्येकावर तैलरंगाने नाव लिहावे आणि दर तीन महिन्यांनी ते पूर्ण बंद करून पुन्हा उघडावेत. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक ऐनवेळी फिरत नाही, आणि जोर केला तर दांडी हातात येते.

गावी जाताना घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी. मोबाइलवर साताऱ्यात संदेश आला आणि दार उघडणारा कोणी नसला तर तो संदेश केवळ काळजी वाढवतो. जाताना सर्व कॉक बंद केले तर फारच उत्तम.

निगा

महिन्याची एक तारीख ठरवावी. विजेचे बिल भरण्याचा दिवस सोयीचा पडतो. त्या दिवशी प्रत्येक सूचकाची टोके ओल्या फडक्याने जोडावीत, भोंगा व मोबाइलवरील संदेश दोन्ही तपासावेत, टोके कोरडी पुसावीत आणि भिंतीवरील कॅलेंडरवर खूण करावी. नुसते ‘टेस्ट’चे बटण दाबणे पुरेसे नाही. त्याने भोंगा आणि सेल यांची परीक्षा होते. टोकांवर साबणाचा थर बसला आहे की नाही ते त्याला कळत नाही.

बोअरवेलच्या पाण्याने टोकांवर पांढरा क्षार साचतो. सेल काढून, लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने टोके पुसावीत, मग साध्या पाण्याच्या ओल्या कापडाने, मग कोरड्या कापडाने. काचकागदाने घासू नये, मुलामा निघून जातो. संडास साफ करण्याचे ॲसिड वापरताना सूचक तेथून उचलावा. त्या वाफांनी आतील तांबे खराब होते. लादी पुसण्यापूर्वीही तो उचलून ओट्यावर ठेवावा व नंतर परत जागेवर ठेवावा. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे यंत्र कशासाठी आहे ते नीट समजावून सांगावे. न सांगितल्यास भोंगा दोनदा वाजला की ते खणात जाऊन पडते, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पावसाळ्यात दमट हवेने काही सूचक उगीच वाजतात. अशा वेळी कंटाळून सेल काढू नये. टोके पुसून, सूचक लादीपासून कागदाइतका उंच राहतो ना ते पाहावे. झुरळे उबेला गेटवेच्या पेटीत शिरतात, तेव्हा सहा महिन्यांनी तीही उघडून झटकावी.

सेल संपत आल्याची सूचना यंत्र बारीक टिकटिक करून किंवा अ‍ॅपमधून देते. ती सूचना आली की त्याच आठवड्यात सेल बदलावा आणि त्याच्या पाठीवर तारीख लिहावी. पुन्हा भारित करता येणारे सेल येथे वापरू नयेत. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो व यंत्र त्यांना नवीन असतानाच संपलेले समजू शकते. यंत्र दीर्घ काळ बंद ठेवणार असाल तर सेल काढून ठेवावेत, अन्यथा ते पाझरतात व संपर्कपट्ट्या पांढऱ्या चुऱ्याने खाऊन टाकतात.

बटन सेलविषयी लहान मुलांच्या पालकांनी विशेष सावध राहावे. सीआर २०३२ हा २० मिलिमीटर व्यासाचा, नाण्यासारखा चमकणारा सेल असतो, आणि हे यंत्र तर लादीवरच, रांगणाऱ्या बाळाच्या हाताशी ठेवलेले. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. वापरून संपलेल्या सेलमध्येही तेवढी शक्ती उरलेली असते. त्यामुळे ज्याचे झाकण स्क्रूने बंद होते असेच यंत्र घ्यावे, आणि मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढण्याच्या खटपटीत न पडता त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. जुने सेल नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते बंद डब्यात, मुलांपासून उंच ठेवावेत आणि डबा भरला की ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात नेऊन द्यावेत.